सासूबाईंचं तोंड

कवळीताई म्हटलं की लोकांना वाटतं, कोणी दात पडलेली म्हातारी असणार. छे! बाईचे स्वतःचे दात सगळे शाबूत, वय पन्नाशीच्या अलीकडचं, केस थोडे पिकलेले, मान जरा पुढे आलेली. ती कवळ्या करते म्हणून लॅबमध्ये हे नाव पडलं आणि तिथून गल्लीभर झालं. दातांचा डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतो आणि खोक्यात घालून लॅबला धाडतो. पुढे त्या बोळक्याचं काय करायचं ते ताईनं बघायचं. गुलाबी मेणाच्या हिरड्या घडवायच्या, स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवून एकेक दात त्यात बसवायचा, ओठ किती पुढे यायला हवा, गाल किती भरायला हवा, ते अंदाजानं ठरवायचं. ज्याचं तोंड, तो माणूस समोर नसतोच. तरी ताईच्या कवळ्या अशा चपखल बसायच्या की डॉक्टर लोक फोन करून सांगत, "आमचं काम कवळीताईंकडेच द्या हं, दुसऱ्या कोणाकडे नको."

आता खरी गंमत अशी की ही बाई मुळात शिल्पकार. रीतसर शिकलेली. मातीतून माणसाचं डोकं उभं करायचं तर अख्ख्या वर्गात हिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण शिक्षण संपलं आणि पुढे काय? डोकी करून घ्यायला येतंय कोण? बरेच दिवस घरी बसून काढले, आईवडलांचे उतरलेले चेहरे बघवेनात, तेव्हा तिच्या सरांनीच तोडगा काढला. लॅबचा मालक त्यांच्या ओळखीचा. सर म्हणाले, "अगं, माती नाही तर मेण. हात तर चालू राहील! पोटापाण्याचं काम आवडीच्या जितकं जवळ, तितकं बरं. दिवसा नोकरी करायची, संध्याकाळी आपलं आपलं काम."

सल्ला द्यायला कोणाचं काय जातं? तसा सल्ला वाईट नव्हता म्हणा, सगळे हाच देतात. आवड सोडू नकोस, नोकरी सोडू नकोस, दोन्ही हातांनी दोन्ही घट्ट धर. मग त्या माणसानं नाक खाजवायचं कुठल्या हातानं, ते मात्र कोणी सांगत नाही.

तर संध्याकाळी आपलं काम. मागच्या बाल्कनीत एका फिरत्या तिवईवर ताईची माती असायची. माती वाळली की तडकते, म्हणून तिला ओल्या फडक्यात गुंडाळायचं, वरून प्लॅस्टिकची पिशवी घालायची आणि फडकं सुकलं की पुन्हा ओलं करायचं. ताई घरी यायची, चपला काढायची, बाल्कनीत जाऊन फडक्यावर पाणी शिंपडायची आणि पिशवी ओढून घ्यायची. झालं. तेवढंच तिचं शिल्पकाम. नवरा विचारायचा, "आज केलंस का काही?"

"केलं की. पाणी घातलं."

"झाडाला घातलं असतंस तर फूल तरी आलं असतं."

नवरा काही वाईट माणूस नव्हता. गोदामात कामाला होता. ट्रक आला की माल उतरवून घ्यायचा, निघाला की चढवून द्यायचा. त्याला कसली आवडबिवड नव्हती, आणि नव्हती याबद्दल तो देवाचे आभार मानायचा. बायकोचं दुखणं त्याला दिसत होतं, पण त्यावर औषध त्याच्याकडे कुठलं असणार?

आणि तो आळस नव्हता हो. दिवसभर डोळे बारीक करून तांदळाच्या दाण्याएवढे दात मेणात बसवायचे म्हणजे काय ते बसवणाऱ्यालाच कळतं. संध्याकाळी बोटांत काही उरतच नसे. कणीक मळायची म्हटली तरी जिवावर यायचं, तिथे माती कोण मळणार? रविवारी जरा बरं वाटायचं तर धुणं, बाजार, सासूबाईंचा दवाखाना. या सगळ्यात मेटाकुटीला आलेल्या जिवाला एकच आधार होता, तो म्हणजे सरांचं वाक्य. हात तर चालू आहे ना! आज ना उद्या सवड मिळेल, मातीवरची पिशवी काढेन आणि हात तिथूनच पुढे सुरू करेल. या एका भरवशावर बाईनं उमेदीची सगळी वर्षं ढकलली.

एक दिवस सरांचा फोन आला. सर आता निवृत्त झालेले, चालायला काठी घेणारे, पण आवाज तसाच वर्गातला. म्हणाले, "माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन भरवतोय. प्रत्येकाचं एकच काम. तुझं डोकं हवंय मला. म्हणजे मातीतलं, तुझं स्वतःचं राहू दे तुझ्याकडे." आणि मग जरा थांबून, "हे माझ्या हातून शेवटचंच होईल बहुतेक. तेव्हा नाही म्हणू नकोस."

ताईनं नाही म्हटलं नाही. फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. इतक्या वर्षांत तिच्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं. आता जमलं नाही तर पुन्हा कधीच नाही, हे तिला स्वच्छ कळलं, आणि आनंद व्हायच्या जागी आधी धस्स झालं.

डोकं करायचं कोणाचं? नवऱ्याला पाच मिनिटं एका जागी बसवलं तर तो घोरायला लागतो. राहता राहिल्या सासूबाई. त्या दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसलेल्याच असत, म्हणजे निम्मं काम आधीच झालेलं. आणि चेहरा असा की बघत राहावं. कपाळ रुंद, नाक धारदार, डोळे अजून चोरट्या मांजरासारखे चलाख, आणि खाली दातांचा पत्ता नसल्यामुळे आत गेलेलं, चुरगळलेलं बोळकं. हो, सून कवळ्या करते आणि सासू बोळकी! गल्लीत यावर किती विनोद झाले असतील त्याला गणती नाही. ताईनं कितीदा मनधरणी केली. सासूबाई एकच उत्तर द्यायच्या: "परक्याचे दात तोंडात घालून हसू? त्यापेक्षा तोंड मिटून हसेन."

तोंड मिटून! सासूबाईंचं तोंड मिटलेलं घरात कोणी पाहिलं नव्हतं.

रविवार ठरले. धुणं नवऱ्यानं स्वतःकडे घेतलं, बाजार शनिवारी संध्याकाळी उरकायचा. ताईनं खुर्ची बाल्कनीत आणली, पिशवी काढली, जुनं काय होतं ते मोडून पुन्हा गोळा केला.

"आई, बसायचं म्हणजे हलायचं नाही. आणि गप्प बसायचं."

"हलणार नाही. पण गप्प कशाला? तू कान कर आधी. कान करायला माझी जीभ कशाला थांबायला हवी?"

मग तोंडाचा पट्टा सुरू. शेजारीण अशी, तिची बहीण तशी, सासरे असताना कोणी काय बोललं आणि आपण त्याला कसं एका वाक्यात गार केलं. ताई हं हं करत राहायची. पहिल्या रविवारी माती कुठे लावायची तेच समजेना. दुसऱ्या वेळी कपाळ सापडलं. मग नाक सापडलं. डोळ्यांखालच्या पिशव्या, मानेवरच्या दोऱ्या, कानाच्या लोंबलेल्या पाळ्या. इतकी वर्षं एका घरात राहून, भांडून, रुसून, औषधं देऊन ताईनं त्या बाईला असं कधी पाहिलंच नव्हतं. आत कुठेतरी खूप दिवसांनी बरं वाटलं. सोमवारी पुन्हा लॅबमध्ये मान मोडून काम, संध्याकाळी फडक्यावर पाणी, आणि परत रविवारची वाट बघणं. थकवा दुप्पट झाला होता. पण त्या थकव्याच्या तोंडावर फेकून मारायला तिच्याकडे आता काहीतरी होतं.

तेवढ्यात मालकानं आपलं घोडं पुढे दामटलं. लॅब वाढवायची होती. दात लावणाऱ्यांचा मोठा विभाग, वेगळा हॉल, चांगले दिवे. "ताई, तो विभाग तुम्ही सांभाळायचा," मालक म्हणाला. "अवघड केसेस तुमच्याच हातच्या, बाकीच्यांना तुम्ही शिकवायचं. पगारही वाढेल. शनिवार पूर्ण भरावा लागेल, कधीमधी रविवारी यावं लागेल, पण ते काय, तुम्हाला कामाची आवडच आहे." शेजारच्या टेबलावर कवळ्यांना पॉलिश करणारा एकजण होता, दिवसभर घासतो म्हणून त्याला सगळे घाशा म्हणत. तो म्हणाला, "ताई, पेढे काढा!" ताई हसली आणि मालकाकडून थोडी मुदत मागून घेतली. प्रदर्शन होऊन जाऊ दे, मग बघू. वेळ मारून नेली, दुसरं काय!

डोकं पुरं होत आलं तेव्हा नवऱ्यानं धुण्याची बादली खाली ठेवली आणि बघतच राहिला. "अगं, ही तर आई! हुबेहूब. बोलेल असं वाटतं."

"बोलली नाही तर बरं," ताई म्हणाली. "एकीनंच कान किटलेत." मग तिनं तिवई फिरवून सासूबाईंकडे केली.

सासूबाईंनी चष्मा लावला. पुढे वाकल्या. मान या बाजूला, मान त्या बाजूला. आणि म्हणाल्या, "ही कोण बाई?"

"कोण म्हणजे? तुम्ही!"

"मी? छे. ही मी नाही. नाक माझं आहे, कपाळ माझं आहे. पण ही बाई दुसरीच कोणीतरी आहे. माझं नाक लावून बसलीये."

नवरा हसला. ताईला मात्र रागच आला. मान मोडून करायचं आणि हे ऐकून घ्यायचं! म्हातारीची खोडच ती, चांगलं म्हणायचं म्हणजे जिभेला काटा टोचतो. पण रात्री झोपायच्या आधी ती सहज बाल्कनीत जाऊन आली आणि फडकं उचलून पाहिलं, आणि तिलाही वाटलं की काहीतरी चुकलंय. काय ते कळेना. मापं बरोबर होती. डोळे बरोबर होते.

त्या आठवड्यात सर काठी टेकत टेकत घरी आले, डोकं बघायला. ताईनं चहा केला, सासूबाईंनी सरांची आणि त्यांच्या खानदानाची चौकशी केली. मग बाल्कनीत जाऊन ताईनं पिशवी काढली. सरांनी डोक्याभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. "वा!" ते म्हणाले. "वा, वा! काय सफाई आहे! मी तुला म्हटलं नव्हतं? हात चालू राहील. बघ, हात किती तयार झालाय तुझा!" आणि सर तोंडभरून हसले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सरांच्या तोंडातली कवळी ताईनंच केलेली होती. मागे त्यांचे दात गेले तेव्हा डॉक्टरांकडून माप आलं ते तिच्याच टेबलावर. आपल्या सरांचं म्हणून तिनं जीव ओतून केली होती, आणि सर त्या कवळीत दिसायचेही छान, वयापेक्षा लहान. तर सर हसत होते, आणि त्यांच्या खांद्याजवळ मातीतल्या सासूबाई होत्या. ताईची नजर इकडून तिकडे गेली, तिकडून इकडे आली.

दोघांचं तोंड एकच होतं.

वरच्या ओठाची तीच कमान. ओठांचे कोपरे तसेच किंचित उचललेले. गालांना आतून तसाच आधार. बोळक्या सासूबाईंच्या मातीच्या तोंडात ताईनं आपल्या हातानं कवळी बसवली होती! बाहेरून एकही दात दिसत नव्हता, पण ओठांच्या मागे दात होते, आणि ते तिचे, कवळीताईचे, डॉक्टर लोक फोन करून मागून घेतात ते. समोर म्हातारी तोंड उघडं टाकून बडबडत बसली होती, ताई तिच्याकडे रविवारमागून रविवार टक लावून बघत होती, आणि तरी हातानं डोळ्यांचं ऐकलं नव्हतं. हातानं बोळकं बघितलं आणि सवयीनं भरून टाकलं.

"सर," ताई कशीबशी म्हणाली, "तोंड बघा ना नीट."

"छान आहे की तोंड."

"आईंना दात नाहीत, सर."

सरांनी डोळे किलकिले करून पाहिलं. खरंच पाहिलं. मग म्हणाले, "असेल जरा इकडेतिकडे. अगं, कोणाच्या लक्षात येतंय? चांगलं दिसतंय ना? द्यायचं हं हे, मी जागा धरून ठेवलीये." आणि पाठीवर थोपटून गेले. बिचारे मनापासून बोलत होते. त्यांच्या आरशातही रोज तेच तोंड असायचं, त्यांना काय चुकीचं वाटणार?

पुढचे दिवस वाईट गेले. ताईनं तोंड कापून काढलं आणि नवीन केलं. भरलं. पुन्हा काढलं. या वेळी मुद्दाम खोल केलं, अंगठा आत दाबून ठेवला. हात बाजूला घेऊन पाहावं तर वरच्या ओठाखाली नकळत मातीची एक पातळ पट्टी चढलेली, कोपरे उचललेले. स्वतःचा हात आणि स्वतःचंच ऐकेना! तिनं डाव्या हातानं करून पाहिलं, तर ते तोंड ना सासूबाईंचं, ना कोणाचं. नाकी नऊ आले बाईच्या. लॅबमध्ये बसल्या बसल्या ती आता हाताकडे बघायची. सुरी तापवणं, मेण उचलणं, ओठ जिथे असेल तिथे एक हलका फुगवटा देणं. किती सुरेख जमतं ते! केलेल्या कवळ्या लावून माणसं आरशासमोर रडलेली तिनं ऐकली होती, आनंदानं. त्यात काही खोटं नव्हतं, काही वाईट नव्हतं. पण ज्या भरवशावर ती जगली होती तो साफ फसवा निघाला होता. हात चालू होता म्हणे! चालू होता खरा, पण भलत्याच वाटेनं पार लांब निघून गेला होता, आणि ही इथे आपली रोज फडक्याला पाणी घालत बसली होती.

प्रदर्शन तोंडावर आलं तेव्हा तिनं सरांना फोन केला आणि माझं नाव वगळा म्हणून सांगितलं. सर चिडले, मग समजावलं. "तू फार कठोर आहेस स्वतःशी," म्हणाले. ताई म्हणाली, "नाही हो सर. थकलेय फक्त." आणि फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. लहान पोरीसारखी रडली. का नाही रडणार? आयुष्यात एकदा कोणी बोलावलं होतं.

नवऱ्यानं दाराबाहेरून विचारलं, "मालकाचं ते काम घेणार आहेस ना आता?" त्याच्या विचारण्यात टोमणा नव्हता. बाहेर आल्यावर त्यानंच चहा ठेवला. "बघ, मला तुझ्यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "पण एक जात असेल तर दुसरं तरी धर. दोन्हीकडून रिकामी राहू नकोस."

तो बरोबर बोलत होता. "तुम्ही संध्याकाळी घरी येता," ती म्हणाली, "तेव्हा तुमची पाठ दुखते. पण तुम्ही चमचा उचललात तर तुमचा हात तो ट्रकमध्ये चढवायला निघत नाही. माझा हात निघतो."

नवऱ्यानं कपबशी खाली ठेवली. "मग?"

"मग मी बघते."

दुसऱ्या दिवशी ती मालकासमोर उभी राहिली. मालकानं खुर्ची दिली, हसून म्हणाला, "चला, कधीपासून?"

"मला दात लावायचं काम नको," ताई म्हणाली. "मला प्लास्टरच्या खोलीत टाका."

प्लास्टरची खोली म्हणजे लॅबच्या मागच्या अंगाची. आलेल्या मापात प्लास्टर ओतायचं, सुकलं की साचे फोडायचे, कडा घासायच्या, खोकी भरायची. तिथे डोकं लावायचं कारण नाही, हात चांगला असायचं तर मुळीच नाही. मालकानं कपाळाला हात लावला. "ताई, बरं आहे ना? लोक तिथून इथे यायला धडपडतात!"

"माहीत आहे."

"पगार तेवढा राहणार नाही."

"तेही माहीत आहे."

"पण का? कामाची एवढी आवड तुम्हाला!"

"म्हणूनच," ताई म्हणाली. जास्त सांगून मालकाला कळलं असतं असंही नाही. त्यानं दोन दिवस विचार करा म्हटलं, डॉक्टरांची नावं घेतली, शेवटी रागावला आणि कबूल झाला. विभाग घाशाकडे गेला. घाशा मनानं चांगला, तो येऊन म्हणाला, "ताई, अडलं तर विचारायला येऊ ना?" ताई म्हणाली, "विचार. पण मी हात लावणार नाही." आणि कानाला खडा लावल्यासारखं तिनं ते पाळलं.

घरात मात्र ओढाताण झाली. नवऱ्यानं गोदामात जादा पाळी मागून घेतली आणि त्याचं श्रेयही घेतलं, दिवसातून एकदा तरी ऐकवून. गल्लीत बातमी फिरली की कवळीताईला लॅबमध्ये खाली ढकललं, काहीतरी घोळ केला असणार. ताईनं मूग गिळले. प्लास्टरच्या खोलीत धूळ फार. नाकात, केसांत, नखांत पांढरं. पिशव्या उचलून खांदे भरून यायचे. तुम्हाला वाटेल, आता बाई संध्याकाळी ताजीतवानी होऊन मातीकडे धावत असेल. कसलं काय! ती पूर्वीपेक्षा जास्तच दमायची. अंथरुणावर पडली की संपलं. पण दुखायचे ते खांदे, आणि हात आपले नुसते हात असायचे, कशातच न गुंतलेले. बोटांना रोज जे गुंतवून ठेवायचं ते सुटलं, तशी ती पहिल्या पहिल्यानं गोंधळली. चमचा धरला तरी कुठेतरी फुगवटा द्यायला बघायची. हळूहळू तेही थांबलं.

प्रदर्शन कधीच होऊन गेलं होतं. ताई बघायला गेली नाही. सर आजारी आहेत असं कानावर आलं, तेव्हा जाऊन भेटून आली. प्रदर्शनाचा विषय दोघांनीही काढला नाही.

डोकं बाल्कनीत होतं, तोंडाच्या जागी खड्डा असलेलं. एका रविवारी दुपारी सासूबाई म्हणाल्या, "तो गोळा टाकून तरी दे, नाहीतर पुरा तरी कर. तोंड नसलेली बाई दारात ठेवलीये, मला बघवत नाही." आणि स्वतःच खुर्ची सरकवत बाल्कनीत आल्या. ताईचा खांदा ठणकत होता. तिला खरं तर झोपायचं होतं. तरी ती उठली, कोरणी घेतली, माती घेतली.

ऊन उतरत होतं. सासूबाई आधी बडबडल्या, मग त्यांनाही ग्लानी आली आणि तोंड तसंच अर्धं उघडं राहिलं. ताईनं बघितलं. वरचा ओठ आत ओढला गेलेला, त्यावर उभ्या बारीक घड्या. डावा कोपरा उजव्यापेक्षा खाली. हनुवटी नाकाकडे चढलेली. ताईनं अंगठा मातीत आत दाबला आणि काढला, आणि माती आतच राहिली. हात परत भरायला गेला नाही. तिनं श्वास रोखून एकेक घडी ओढली. खालचा ओठ आत दुमडला. गाल पोकळ केले. कोपरा खाली ढळू दिला. कोणाला बरं वाटावं म्हणून तिनं काही केलं नाही. एवढंसं काम होतं, पण ते होईपर्यंत ती घामानं भिजली.

सासूबाई जाग्या झाल्या. "झालं?"

ताईनं तिवई फिरवली. त्यांनी चष्मा शोधला, लावला, पुढे वाकल्या. या वेळी मान इकडेतिकडे केली नाही. नुसत्या बघत राहिल्या, आणि त्यांची बडबड थांबली ती थांबलीच. मग त्यांनी हळूच आपल्या ओठांवरून बोट फिरवलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"इतकी म्हातारी झाले का गं मी?"

नाही हो आई, कुठे, अजून किती छान दिसता, हे सगळं जिभेवर आलं होतं. म्हणायला एक क्षण लागला असता आणि म्हातारी हसली असती.

"हो, आई," ती म्हणाली.

सासूबाईंनी पदरानं चष्मा पुसला. परत लावला. पुन्हा पाहिलं.

"मग राहू दे तसंच," त्या म्हणाल्या. "आता हात लावू नकोस त्याला."